जवान संतरामची कागदोपत्री बायको

आशाला मास्तरीण व्हायचं होतं, आणि ते फुकटात व्हावं असं तिच्या सासऱ्याचं म्हणणं होतं. यातली पहिली गोष्ट अगदी साधी होती. पुढचं सगळं महाभारत घडलं ते दुसरीमुळं.

सासरे म्हणजे गोरेगावचे व्यंकटराव. गावात त्यांना व्यंकटराव कोणी म्हणत नसे, पेशकारसाहेब म्हणत. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत चिकटले तेव्हा साहेबापुढं कागद ठेवणाऱ्या त्यांच्या जागेला पेशकार म्हणायचे. पुढं राज्य बदललं, जागेचं नाव बदललं, व्यंकटराव रिटायर होऊन गावी आले, तरी हाक तीच राहिली, आणि ती तशीच राहावी याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. हयातभर त्यांनी लोकांचे अर्ज परत केले होते. तिकीट तिरपं लागलंय, समास कमी सोडलाय, शाई फिकी आहे. कारणांना तोटा नसे. त्यामुळं सरकारी कागद कसा लिहावा हे हिंगोलीपासून वसमतपर्यंत आपल्याइतकं कोणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मुलगा संतराम फौजेत होता, तिकडं उत्तरेला बर्फात कुठंतरी. सून आशा मॅट्रिक पास झालेली, चांगल्या मार्कांनी. हिंगोलीला डी.एड. करायचं तिच्या मनात होतं आणि संतरामनंही पत्रातून कळवलं होतं की शिकू द्या तिला. व्यंकटरावांची शिक्षणाला ना नव्हती. ना होती ती फीला.

"पोराची मनिआर्डर येती की दर म्हयन्याला," त्यांची बायको सखुबाई म्हणाली. "भरा त्यातून."

"ते घरच्यासाठी हाय."

"मग आशा काय बाहेरची हाय?"

व्यंकटराव धोतराचा सोगा सावरत रामकिशनच्या हॉटेलात गेले. तिथं गुलाबसिंग बसला होता. गुलाबसिंग फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. जगात फौज सोडून दुसरं खातं असतं हे त्याला मान्य नव्हतं. त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाला, "पेशकारसाब, तकलीफ कायकू? जवानाच्या घरवालीला सरकार पढाईला पैसा देतं. बराबर देतं. जिल्ह्याला हाफिस हाय त्याचं."

"देतं म्हणजे कशावर देतं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"अर्जावर!"

हा शब्द ऐकला आणि व्यंकटरावांच्या अंगात जुनं वारं शिरलं. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी अर्ज दाखवला नव्हता. आता बाकी हॉटेलानंही सल्ले द्यायला सुरुवात केली. रामकिशन म्हणाला, जमीन हाय म्हणून लिवू नका. दुसरा म्हणाला, लिवा, पर कोरडवाहू लिवा. तिसऱ्याचं मत पडलं की अर्जाच्या सुरुवातीला वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा द्यावा, म्हणजे अर्ज अडत नाही. दिवस आणीबाणीचे होते आणि पाठिंबा ही फुकट द्यायची वस्तू होती, म्हणून व्यंकटरावांनी तेवढा सल्ला लक्षात ठेवला. घरी येताना शेजारच्या द्वारकाबाईंनी ओट्यावरूनच हटकलं, "सुनेला शिकवून राहिले म्हनं? शिकली की ती तुमालाच शिकवल हो, पेशकारसाहेब." व्यंकटराव नुसतं हसले. आपल्याला शिकवायचं काही शिल्लक असेल, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

अर्जाचा छापील कागद गुलाबसिंगनंच कुठून तरी आणून दिला. आशा हात पुसत आली आणि म्हणाली, "द्या मामाजी, मी भरते."

व्यंकटरावांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही तिनं देवघरात चप्पल घालून पाय टाकला होता. "अर्ज भरणं म्हणजे भाकरी थापणं न्हाई, सूनबाई. बस तिथं."

त्यांनी चष्मा लावला, टाक धुतला, शाई ढवळली. पहिल्याच ओळीवर 'अर्जदाराचे नाव' असं होतं. तिथं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : व्यंकटराव.

"मामाजी," आशा हळूच म्हणाली, "अर्जदार तर मी ना?"

"अर्ज कोण करून राहिलं?"

"तुमी."

"मग अर्जदार कोण?"

पुढची ओळ होती 'जवानाशी नाते'. व्यंकटरावांनी थोडा विचार केला आणि लिहिलं : पत्नी.

"मामाजी, तुमी तर वडील..."

"फायदा कोणासाठी मागून राहिलो आपण? पत्नीसाठी. मग नातं कोणाचं लिवायचं? मजमून म्हणजे कागदाचा मतलब समजून घ्यावा लागतो. आमी हे केलेलं हाय आयुष्यभर."

"पर मंग वर तुमचं नाव आन् खाली..."

"आशे, चूल विझून राहिली बघ," सखुबाईनं आतून हाक मारली आणि जगात या घोटाळ्याला अडवू शकणारं एकुलतं एक माणूस फुंकणी शोधायला निघून गेलं. व्यंकटरावांनी खाली सही ठोकली. सही अशी देखणी होती की बघणाऱ्याला वरचं काही वाचायची इच्छाच होऊ नये.

जिल्ह्याच्या गावी त्या ऑफिसात सगळे कारकून जागेवर होते. आणीबाणीनं एवढं नक्की केलं होतं. पूर्वी माणसं जागेवर नसत म्हणून काम होत नसे, आता माणसं जागेवर असूनही होत नसे, आणि लोकांना ही सुधारणा वाटत होती. भिंतीवर 'बोलणे कमी, काम जास्त' अशी पाटी होती. तिचा पहिला अर्धा भाग सगळं ऑफिस काटेकोर पाळत होतं.

एका तरुण कारकुनानं कागदावर हात ठेवला, पण पाहिलं व्यंकटरावांकडं.

"जवान कधी गेला?"

"दिवाळी झाल्यावर. सुट्टी संपली आन्..."

"तसं नाही काका. वारला कधी?"

"वारला? काय वंगाळ बोलून राहिले! चांगला खडखडीत हाय पोरगा!"

कारकुनाचा चेहरा पडला. "अरेरे," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. "जखमी वगैरे? हात? पाय?"

"समदं जागच्या जागी हाय."

"मग अवघड आहे." कारकून खुर्चीत मागं रेलला. "जवान गेला असता तर विधवेला पाहिजे ते शिक्षण. कॉलेज म्हणा, नर्सिंग म्हणा, डी.एड. म्हणा. एखादा अवयव गेला असता तरी निम्मं बसवता आलं असतं. पण धडधाकट जवानाच्या बायकोला एकच शिक्षण आहे. शिवणकाम."

"पर तिला मास्तरीण व्हायचंय."

"नवरा जिवंत असताना?" कारकुनाला खरंच नवल वाटलं. "शिवण चांगलं असतं काका. मन रमतं."

व्यंकटरावांना क्षणभर पोराच्या धडधाकटपणाची लाज वाटली, जणू कागदपत्रांतली एखादी त्रुटी राहून गेली होती. मग त्या लाजेची लाज वाटली. गुलाबसिंगनं हे काहीच सांगितलं नव्हतं. पण मोकळ्या हातानं गावात परतणं म्हणजे रामकिशनच्या हॉटेलात कायमचं तोंड लपवणं. त्यांनी अनुभवी डोकं चालवलं. एकदा मंजुरी पदरात पाडून घ्यायची, मग शुद्धिपत्रक काढून 'शिवणकाम' खोडायचं आणि 'डी.एड.' घालायचं. शुद्धिपत्रकावर व्यंकटरावांची गाढ श्रद्धा होती. "चालंल," ते म्हणाले. "शिवण तर शिवण."

कारकुनानं न वाचता शिक्का मारला. त्याला महिनाअखेर ठरावीक अर्ज निकाली काढायचे होते. सही मात्र त्यानं दोनदा पाहिली आणि म्हणाला, "अक्षर छान आहे काका."

मंजुरी इतक्या लवकर आली की व्यंकटरावांना आधी ती दुसऱ्या कोणाची वाटली. लखोट्यावरचा शिक्का बघून ते घरी न जाता सरळ हॉटेलात गेले. चार लोकांसमोर वाचण्यासारखा कागद रोज येत नाही. रामकिशननं भट्टी सोडून कान दिला. व्यंकटरावांनी घसा साफ केला.

"शासन आदेश देते की, मौजे गोरेगाव येथील श्रीमती व्यंकटराव..." ते थांबले. चष्मा पुसला. कागद तसाच होता.

"वाचा की, थांबले काहून?" रामकिशन म्हणाला.

कागद मिटावा तर लोक बघत होते, वाचावा तर लोक ऐकत होते. व्यंकटरावांनी घाईघाईत ओळी गिळायचा प्रयत्न केला, पण गुलाबसिंगला वाचता येत होतं आणि तो खांद्यावरून डोकावत होता. त्यानं पुढचं खड्या आवाजात वाचून टाकलं : "श्रीमती व्यंकटराव, जवान संतराम यांची पत्नी, यांना हिंगोलीच्या सरकारमान्य वर्गात एक वर्ष शिवणकामाचे प्रशिक्षण व विद्यावेतन मंजूर करण्यात येत आहे. लाभार्थीने जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास कारवाई होईल."

मग गुलाबसिंग ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. "नमस्ते, भाभीजी!"

त्या दिवशी हसून हसून रामकिशनचं दूध उतू गेलं.

व्यंकटराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं जिल्ह्याला निघाले. कारकुनानं आदेश पाहिला, अर्ज काढून पाहिला, दोन्ही शेजारी ठेवले. "बरोबर आहे. नाव तुमचं, नातं पत्नी, सही तुमची. आम्ही काय पदरचं घातलंय?"

"आवो, पर मी गडीमाणूस हाय! दिसत न्हाई का?"

"दिसण्याचं काय आहे काका, आम्ही कागद बघतो."

"मग करा दुरुस्त!"

"करू ना. तुम्ही जवान संतरामची पत्नी नाही, असा तहसिलीचा दाखला आणा." मग त्यानं इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "पण खरं सांगू? पत्नी नाही म्हणालात तर पत्नी म्हणून सही कशी केलीत, हा प्रश्न येतो. खोटा लाभार्थी! दिवस कसे आहेत बघताय ना. मागं एक जण असाच आत गेला."

"मग मी काय करावं?"

"पत्नी राहा," कारकून समजुतीनं म्हणाला. "वर्षाचा तर प्रश्न आहे."

तरी व्यंकटराव परतताना हिंगोलीला उतरून आपल्या जुन्या तहसिलीत गेले. त्यांच्या जागेवर बसलेल्या नव्या माणसानं त्यांना चहा पाजला, साहेब साहेब केलं, आणि अर्ज परत दिला. समास कमी सोडला होता. शिवाय, तो म्हणाला, माणूस कोण आहे याचा दाखला देता येतो, कोण नाही याचा देत बसलो तर तहसिलीला कागद पुरायचा नाही. व्यंकटराव पायऱ्या उतरून खाली आले आणि कधी नव्हे ते त्यांना त्या पायऱ्या फार उंच वाटल्या.

घरी बैठक बसली. व्यंकटराव भिंतीला टेकून जेलचं वर्णन करत होते. त्यांनी जेल पाहिलं नव्हतं, पण तिथं पाठवायचे कागद केले होते. सखुबाई तांदूळ निवडत होती. आशानं जरा वाट पाहिली आणि मग विचारलं, "मामाजी, इद्यावेतन कोणाच्या हातात मिळतं?"

"पत्नीच्या."

"म्हंजी तुमच्या. मग तुमी शिवणाला बसा, मी त्या पैशावर डी.एड.ला जाते. सरकारला शिवणारी बायको भेटली, मला फी भेटली. कोणाचं काय गेलं?"

"माझी इज्जत गेली!" व्यंकटराव ओरडले.

"ती हॉटेलातच गेली," सखुबाई सुपातून नजर न काढता म्हणाली. "न्हाईतर मनिआर्डरीतून फी भरा पोरीची आन् तुमी जा जेलात. मला दोन्ही चालतं."

अशा रीतीनं आशा आणि तिचे सासरे एकाच सकाळी शिकायला घराबाहेर पडले. जीपनं सेनगाव, तिथून एसटीनं हिंगोली. आशाच्या पिशवीत बालमानसशास्त्राचं पुस्तक, व्यंकटरावांच्या पिशवीत कात्री, टेप आणि रिळं. कंडक्टर विचारायचा, "काय पेशकारसाहेब, कचेरीचं काम?" व्यंकटराव खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "हां. सरकारी काम." खोटं त्यात काहीच नव्हतं.

वर्गाच्या बाई मालनबाई वसमतच्या होत्या. शिस्तीला कडक आणि तोंडाला फटकळ. त्यांनी डोक्यावर फेटा, अंगात कोट, मिशा पांढऱ्या, असा विद्यार्थी दारात बघितला, आदेश बघितला, पुन्हा विद्यार्थी बघितला. "तपासणीचं पथक कधीही येतं," त्या म्हणाल्या. "हजेरी चुकली तर माझी नोकरी जाईल. कागदावर आहात ना? मग बसा. कोट काढा, बाहीत दोरे अडकतात." हजेरी घेताना सगळ्या नावांपुढं ताई लावायची तिथं पद्धत होती आणि मालनबाई पद्धत मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"पेमाताई?"

"हजर."

"व्यंकटरावताई?"

पहिल्या दिवशी उत्तर आलं नाही. बाईंनी पेन्सिल उचलली, गैरहजेरीच्या रकान्यावर आणली. "हजर," कोपऱ्यातून आवाज आला, विहिरीतून यावा तसा.

पहिले काही दिवस वर्गाचे हाल झाले. वडीलधारं माणूस समोर म्हणून साऱ्या जणींनी डोक्यावरून पदर ओढलेला, आणि पदर सांभाळून सुईत दोरा ओवता येत नाही. हसू दाबून धावदोरा घालायचा म्हणजे तो वाकडा जाणारच. व्यंकटरावांचा तर सरळ जायचा प्रश्नच नव्हता. त्यांचं पायमशीन पुढं जायच्या ऐवजी मागं जायचं, दोऱ्याचा गुंता व्हायचा, आणि ते मशीनवर असे डाफरायचे, जसं काही ते बिनतिकिटाचा अर्ज घेऊन आलं होतं. मालनबाई येऊन गुंता सोडवायच्या. "व्यंकटरावताई, मशीनला दम देऊन ते चालत नाही. पाय हलवा."

पण हळूहळू पोरींना त्यांची सवय झाली, इतकी की ते तिथं आहेत हेच त्या विसरल्या. मग सासवा निघाल्या, नणंदा निघाल्या, आणि एके दिवशी सासरे निघाले. तांड्यावरची पेमा काज करता करता म्हणाली, "माझा नवरा बर्फात बसून पैसा धाडतो. कागदावर नाव त्याचं, पर पैसा हातात पडतो सासऱ्याच्या. मला साबणाची वडी मागावी लागती. शिकते म्हणलं तर म्हातारा म्हणतो, सरकार फुकट देईल तेव्हा शीक."

"असाच असतो एकेकाचा सासरा," दुसरी म्हणाली.

कोपऱ्यात व्यंकटरावांच्या बोटात सुई गेली. रक्त आलं. ते बोट तोंडात धरून बसले. पुढचा तासभर ते बाहीच्या टाक्यांवर इतके वाकून बसले होते की मालनबाईंना वाटलं, आता यांना शिवण आवडायला लागलं.

खरी कसोटी झंपराची होती. माप घ्यायचं कोणाचं? वर्गात कोणी पुढं यायला तयार नव्हतं आणि आलं असतं तरी व्यंकटराव पळाले असते. घरचंच माप आणा, बाईंनी फर्मावलं. संध्याकाळी ते टेप घेऊन सखुबाईसमोर उभे राहिले.

"काय हे?"

"माप. सरळ हुबी राहा."

"लग्न झाल्यापास्नं मला कधी विचारलं न्हाई काय पायजे, काय न्हाई. आता टेप घेऊन आले!" पण ती उभी राहिली. व्यंकटरावांनी आकडे लिहिले, कापड कापलं, आठवडाभर घाम गाळला. झंपर तयार झालं. ते सखुबाईला झालं नाही, आशाला झालं नाही, द्वारकाबाईंनी मागून घेऊन पाहिलं त्यांनाही झालं नाही. शेवटी सखुबाईनं ते पाण्याच्या रांजणावर घातलं. तिथं बरोबर बसलं. आशानं रात्रीचा अभ्यास बाजूला ठेवून ते उसवून दिलं, बाही उलटी लागल्याचं दाखवलं, आणि सासऱ्याला ऐकू येणार नाही इतक्या हळू हसली. व्यंकटरावांना ऐकू आलं. दुसरं झंपर त्यांनी पुन्हा कापलं, आणि ते सखुबाईनं पोळ्याच्या सणाला घातलं.

वर्षअखेर परीक्षा झाली. व्यंकटराव पास झाले, इतकंच नाही तर काज-बटणात पहिले आले, कारण हयातभर बारीकसारीक चुका शोधल्यामुळं त्यांची नजर टाक्याला टाका जुळवण्यात वाकबगार झाली होती. इथं सगळं मिटलं असतं. पण त्या सुमारास मुंबईहून मोठे साहेब दौऱ्यावर यायचे ठरले आणि जिल्ह्यानं त्यांच्या हस्ते 'आदर्श जवान पत्नी' म्हणून गुणवंत बायकांचा सत्कार ठेवला. पत्रिका छापून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की यादीत वरून पहिलं नाव कोणाचं आहे.

तो तरुण कारकून स्वतः गोरेगावला धावत आला. ओट्यावर बसून त्यानं पाण्याचा तांब्या रिकामा केला. "काका, एक विनंती आहे. आजारी पडा."

"काहून?"

"सत्काराला येऊ नका. साहेबांपुढं शोभा होईल. तुम्ही पुरुष आहात हो!"

व्यंकटरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं, पण अगदी थंड शब्दांत. "दिसण्याचं काय हाय बाळ? आपण कागद बघतो. कागदावर नाव हाय. मी येणार."

त्याच आठवड्यात संतराम सुट्टीवर आला. गावात शिरतानाच त्याला रामकिशननं सगळी कथा सांगितली होती, म्हणून तो घरात आला तेव्हा त्याचा चेहरा कसा ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. आत बाप वर्गातून मागून आणलेल्या मशीनवर बसून आशाच्या शाळेतल्या सराव पाठासाठी कापडी बाहुल्या शिवत होता.

"अप्पा," संतराम म्हणाला, "फी तर माझ्या पैशातून बी..."

"दोरा तुटला," व्यंकटराव म्हणाले आणि मशीनखाली वाकले. वर यायला त्यांनी बराच वेळ घेतला. वर आले तेव्हा म्हणाले, "पुढल्या म्हयन्यापासून मनिआर्डर आशाच्या नावानं धाड."

सत्काराच्या दिवशी हिंगोलीत मांडव पडला होता. पुढच्या रांगा जवानांच्या बायकांना राखून ठेवल्या होत्या. आशा तिथं बसायला गेली तर बिल्लेवाल्या स्वयंसेवकानं अडवलं. "तुम्ही कोण? यादीत नाव?"

"यादीत न्हाई. मी जवानाच्या बायकोची सून."

स्वयंसेवकानं बोटांवर हिशेब लावायचा प्रयत्न केला, तो सुटेना, म्हणून तिला मागं पाठवलं. ती सखुबाईशेजारी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

माइकवर नाव पुकारलं गेलं : "आदर्श जवान पत्नी, सौभाग्यवती व्यंकटराव!" टाळ्या सुरू झाल्या. व्यंकटराव उठले. धुवट धोतर, काळा कोट, केशरी फेटा, आणि मिशांना त्या दिवशी खास तेल. ते तहसिलीच्या पायऱ्या चढायचे त्याच चालीनं व्यासपीठ चढले. टाळ्या मध्येच थांबल्या, मग मागून गोरेगावची मंडळी होती तिकडून पुन्हा सुरू झाल्या.

मोठ्या साहेबांच्या हातात साडी आणि नारळ होता. त्यांनी व्यंकटरावांकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, आणि कारकुनाकडं अशा नजरेनं पाहिलं की तो जागच्या जागी वाळला. "हे काय आहे?"

"साहेब," कारकून पुटपुटला, "वरचाच आदेश आहे. आपल्या सहीचा."

साहेब विचारात पडले. समोर लोक होते, फोटोवाला होता, वर्तमानपत्रवाले होते. दिवस असे होते की सरकार चुकतं असं सरकारनंच कबूल करणं बरं दिसलं नसतं. त्यांनी मान सरळ केली आणि लिहून आणलेलं भाषण जसंच्या तसं वाचलं : "सीमेवर पती लढत असताना घर सांभाळून या भगिनीनं जे कौशल्य मिळवलं, ते साऱ्या स्त्रीजातीला भूषण आहे." कुंकू लावायला आलेल्या बाई अडल्या, उभं लावावं की आडवं. व्यंकटरावांनी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. बाईंनी मधला मार्ग काढून तिरकं लावलं.

"जवान हजर असेल तर त्यानंही वर यावं!" माइकवाल्याला उत्साह आवरेना.

संतराम वर्दीत होता. लोकांनीच त्याला ढकलत वर पोचवला. बापाशेजारी तो सावधानमध्ये उभा राहिला, जबडा घट्ट आवळून, कारण जरा सैल सोडला असता तर फौजेची शिस्त तिथंच संपली असती. फोटोवाल्यानं काळ्या कापडातून डोकं बाहेर न काढता हात हलवला. "ताई, जरा जवानाकडं सरका."

व्यंकटराव सरकले. मांडवाच्या शेवटाला आशा हसत होती, पदर तोंडाशी न धरता, सगळ्यांसमोर. त्यांना राग यायला पाहिजे होता. तो आला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

आशाचं पुढं ठीक झालं. दुसरं वर्ष पार पडलं आणि साखरा गावच्या शाळेत ती मास्तरीण म्हणून लागली. व्यंकटराव गावात पोरांच्या चड्ड्या आणि बायकांची झंपरं शिवू लागले, आणि लोक अजूनही त्यांना पेशकारसाहेबच म्हणत, फक्त आता म्हणताना हातात कापड असे. पण त्या दिवशी, सत्कार आटोपून जीपनं परत येताना, सगळे थकले होते. सत्काराची साडी सखुबाईच्या मांडीवर होती. ती सारखा तिचा काठ उलगडून बघत होती, बोटानं पोत चाचपत होती. गोरेगावची झाडं दिसू लागली तेव्हा तिनं साडी नीट घडी करून पोटाशी धरली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "तुमच्या संसारात माझ्या अंगाला अशी एक लागली न्हाई. बायको व्हावं तर सरकारची व्हावं, पेशकाराची होऊ नये."